मंगरगडच्या राणीची गाठ

वात जरा पुढं सार गं, शेवंते. आज पाचवीची रात्र. सटवी येणार आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. तोवर दिवा विझता कामा नये आणि कुणी डोळा मिटता कामा नये. मिटलाच, तर ही तान्हाक्का चिमटा काढेल, सांगून ठेवते. बाळंतिणीनं पडून ऐकलं तरी चालेल. बाकीच्यांनी सरसावून बसा. ऐका.

एक सुईण होती. गोजराबाई. आपल्या ह्याच वाडीत, ओढ्याकाठी राहायची. हाताला यश मोठं. अडलेल्या बाईकडं गेली की बाईला हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्या गाठी सोडायला लावायची. केस मोकळे. पेटीचं कुलूप काढलेलं. दाव्याची गाय सोडलेली. नवरा बाहेर बसलेला असला तर त्यालाही सांगायची, धोतर सैल कर बाबा, आणि दात काढू नकोस. घरात गाठ राहिली तर पोटात बाळ अडतं, असं ती मानायची. जन्मभर तिनं गाठी सोडल्या, बांधली एक नाही. हे ध्यानात ठेवा.

तर अवसेची संध्याकाळ. एक गाडीवान निरोप घेऊन आला. "गोजराबाई, तुमची हौसा अडलीय. सकाळधरनं कळा देतीय, बाळ खाली येईना." हौसा तिची एकुलती एक लेक, घाटापलीकडं तळवड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सासूनं धाडलं नव्हतं. आता अडल्यावर विहिणीची आठवण झाली. असो. त्या सासूचं नाव घेऊन मी दिव्यासमोर तोंड खराब करत नाही.

गाडीरस्त्यानं जावं तर उजाडणार. मंगरगडाखालच्या पायवाटेनं जावं तर निम्म्या रात्रीत पोचणार. शेजारीण म्हणाली, "अगं, अवस हाय. गडाखालनं जाऊ नगं."

"माझी लेक तिथं मरतीय, आन् मी हितं अवस बघत बसू?" गोजराबाईनं कंदील घेतला, झोळी खांद्याला लावली. निघाली.

घाट चढली. वारा पडलेला. पान हलत नाही. वर उंबराच्या झाडापाशी आली, तिथनं गडाची पडकी भिंत दिसते. पुढं चालली. चालली, चालली, आणि बघते तर समोर उंबर. पुन्हा चालली. पुन्हा उंबर. तोच. चकवा, दुसरं काय? जाणतं माणूस असल्या वेळी खाली बसतं आणि उजाडायची वाट बघतं. पण हिला बसायला सवड कुठली?

तेवढ्यात भिंतीमागनं हाक आली. "आई गं. आई, लवकर ये गं."

हौसाचा आवाज. आता तुम्हीच सांगा, कुठली आई तिथं विचार करेल, की हौसा तळवड्याला, ती इथं कशी? झोळी उंबराखाली पडली, कंदील पडला, आणि गोजराबाई आवाजावर धावत सुटली.

भिंतीत दार. दिवसा ते दार कुणी बघितलेलं नाही. आत समया लागलेल्या. दाराच्या दोन्ही अंगांना दोन पुरुष बसलेले. एकाच्या कपाळावर उभं गंध, हातात गंधाची वाटी. दुसऱ्याच्या कपाळावर आडवं भस्म, हातात भस्माची वाटी. दोघांचं बोट आपापल्या वाटीत बुडवलेलं. एकमेकांकडं बघत नाहीत. हिला बघून दोघं एकदम म्हणाले, "झाल्याबरोबर आधी मला हाक मार."

आत पलंगावर बाई. हौसा नव्हे. मोत्यांची नथ, अंगावर शालू, दिवस भरलेले. गोजराबाईनं समईवर हात धरला. ऊब नाही. ज्योत आहे, ऊब नाही. तेव्हा तिला कळलं, ही गडाची मेलेली राणी. पण समोर कळा देणारी बाई, आणि हात सुईणीचे. हात थांबतात होय? तिनं राणीचा अंबाडा सोडला. पलंगाची दोरी सैल केली. वळून बघते तर अंबाडा बांधलेला. पुन्हा सोडला, पुन्हा बांधलेला. शालूची गाठ सोडली, तर हिच्याच पदराला गाठ बसली. मग हिच्याच केसांना. करकचून, जट झाल्यासारखी.

"सोडू नकोस," राणी म्हणाली. "बांध."

ऐका, त्या राणीचं ऐका. ती म्हणाली, "माझं माहेर उभ्या गंधाचं, सासर आडव्या भस्माचं. दोन राज्यांचं वैर मिटावं म्हणून मला इथं दिली. मी माहेरचा देव पूजला की इथले म्हणायचे, घरात वैरी आणला. भस्म लावलं की माहेरचा निरोप यायचा, तू आम्हाला मेलीस. महाराज होते तोवर निभावलं. त्यांना जेवणातनं विष घातलं. कुणी, ते मला अजून ठाऊक नाही. स्वैपाकघरात दोन्हीकडचे आचारी होते. आता गादीला वारस म्हणजे हे पोट. बाहेर बसलेत त्यातला एक माझा भाऊ आणि एक माझा दीर. ज्याचं बोट आधी कपाळाला लागेल, त्याचं बाळ. आणि दुसरा त्या बाळाला रात्रभर जगू देणार नाही."

कळलं का गं? सटवीनं लिहायच्या आधीच त्यांना त्या कपाळावर लिहायचं होतं. आईला कुणी विचारलंच नाही.

"दर अवसेला मी अडते," राणी म्हणाली. "दर अवसेला कुणीतरी सुईण येते. सगळ्या चांगल्या. सगळ्या मला सोडवून जातात. बाळ रडतं, आणि मग रडायचं थांबतं. तू सोडवू नकोस, बाई. माझ्या कमरेच्या ह्या दोऱ्याला गाठ मार. माझ्या हातची बसत नाही, सुईणीच्या हातची बसेल. मग ते आतच राहील. माझ्यापाशी राहील."

गोजराबाई रडायला लागली. "बाईसाहेब, माझी लेक तिकडं अडलीय. आज माझ्या हातनं गाठ बसली, तर तिची बी बसंल. ती मरंल."

"आणि नाही बांधलीस तर दार नाही."

खरंच, दार होतं तिथं नुसता दगड. दगडापलीकडनं दोन आवाज एकदम, "झालं का?"

आता काय करावं? समोर एक आई, तिकडं आपली लेक. गोजराबाईनं दोरा हातात घेतला. बोटांनी चाचपला. म्हणाली, "ह्यो कुजलाय, बाईसाहेब. गाठ टिकायची न्हाई. माझ्या झोळीत नवा दोरा हाय, उंबराखाली ऱ्हायलाय. घिऊन येते."

"शपथ घे."

"कुणाची?"

"तुझ्या लेकीच्या पोटात आहे, त्याची."

घेतली. काय करणार? घेतली. दगडात दार उघडलं. राणीनं तिचा हात सोडला आणि म्हणाली, "लवकर ये हं." एवढंच. आयुष्यभर घरच्यांनीच फसवलेली बाई, आणि तिनं ह्या परक्या सुईणीवर विश्वास ठेवला. मला तर ह्या गोष्टीत तेवढ्याच जागेची भीती वाटते.

दाराशी ते दोघं उठून उभे. ओली बोटं हिच्याच कपाळाकडं आली. ही वाकली, हातांखालनं निसटली, पडत धडपडत उंबरापाशी आली. झोळी तिथंच होती. आत हात घातला. नवा दोरा खरंच होता. तो हातात घेऊन ती उभी राहिली. इकडं दार, तिकडं तळवड्याची वाट. आणि मागनं बाळाचं रडणं आलं. कोवळं, पहिलं. आलं, आणि मध्येच थांबलं.

मग ती पळाली. चकवा सुटला होता. तळवड्याला पोचली तेव्हा हौसा अजून अडलेलीच, डोळे पांढरे व्हायला लागलेले. गोजराबाईनं उंबऱ्याबाहेरच विळा मागितला. केसांची जट कापली, गाठ बसलेला पदर फाडून फेकला, मग आत पाऊल टाकलं. कोंबडा आरवायच्या आत हौसा सुटली. मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं.

त्या मुलीचं नाव गोजराबाईनंच ठेवलं, तान्ही. होय गं, मीच ती. मोडलेली शपथ माझ्यावर घेतलेली होती. लग्न झालं, नवससायास झाले, संसार सरला, पण पाळणा हलला नाही. वांझोटी म्हणून लोक बारशाला टाळायचे. तुम्ही मला पाचवीच्या जागरणाला बोलावता, हे तुमचं मोठेपण. माझ्या आजीनं पुन्हा कुणाचं बाळंतपण केलं नाही. म्हातारपणी अवसेला दोरा घेऊन घाटाकडं निघायची, आम्ही धरून आणायचो. मरताना मुठीत दोरा होता. "सोडा मला," म्हणायची, "ती वाट बघतीय."

म्हणून सांगते. गडाखालच्या वाटेनं जाऊ नका. लेक अडली असली तरी गाडीरस्त्यानं जा. राणी मारत नाही हो, धरत नाही, ओरडत नाही. नुसतं विचारते, "आणलास का गं दोरा?"

तेल घाल, शेवंते. दिवा बारीक झालाय.