पाटलीणबाईंचे सासरे

हा किस्सा खरं तर घरी सांगायचा होता, पण ऐकणारी बायको आधीच गेली. आता तुम्हीच ऐका.

कापसाच्या तेजीत आपल्याकडे रेल्वे येत होती, तेव्हा मी एका साहेबाचा दुभाष्या होतो. मोर्शीजवळच्या एका तलावाचा दगडी बांध साहेब मोजत होता. गावाला धास्ती अशी, की बांध जुना निघाला तर सरकार तो उचलून नेणार.

"बांध किती जुना आहे?" मी म्हाताऱ्या पाटलीणबाईंना विचारलं.

"जुना कायचा? माह्या सासऱ्यानं बांधला."

एका दगडावर घोडेस्वार कोरलेला होता. नाक पार झिजलेलं. साहेबाने तिकडे काठी दाखवली. "मग हा कोण?"

"थोच त माहा सासरा!"

साहेब गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे बांध नवाच आहे. जुनी कामं आम्ही जपतो. नव्यांचे दगड रेल्वेच्या पुलाला नेतो."

मी ते मराठीत सांगितलं. सारा गाव बाईंच्या तोंडाकडे पाहू लागला. बाईंनी शांतपणे पदर सावरला.

"तं मंग लिवा बाप्पा, माहा सासरा पांडवाईच्या वक्ताचा होता."

साहेबाने हसत हसत तेच लिहून घेतलं. बांध अजून उभा आहे, सासरेबुवाही.