घंटी नव्हे गं, अक्का!

हॅलो?… हो, गिरधरच… अक्का! जोरात बोल, इथं कॉम्प्युटर क्लासात गोंगाट आहे… रडतेस? अरे देवा… हो, हो… सांग.

केळी सोसायटीच्या ऑफिसात आलेला नवा कॉम्प्युटर बोंबलतो? पीं-पीं?… आणि अक्षरं गळतात… मग तुमचे चेअरमन नाना काय म्हणाले?… ‘संध्याकाळपर्यंत दिल्लीचं पत्र झालं नाही, तर उद्यापासून तुमच्या खुर्चीत भुसावळची मुलगी बसवतो’? हॅ! अख्ख्या फैजपुरात तुझ्यासारखा टायपिंगचा हात दाखवा म्हणावं!… अगं, हात बिघडला नाही, तू फार भरभर मारतेस… ऐक तर खरं, बठ्ठं ठीक व्हई जाई, सगळं नीट होईल!

ट्रकमध्ये केळी भरताना बघतेस ना? खालचा माणूस घड देतो, वरचा रचतो. वरचा गुंतला, की घड मधल्या फळीवर थांबतात. समज, फळीवर मावतात पंधरा. सोळावा ठेवलास तर?… हां, खाली! इथंही तसंच. त्याच्यावरचा तांबडा दिवा लागला, की कॉम्प्युटर तुझं पत्र फ्लॉपीवर उतरवत असतो. तेवढ्यात मारलेली पंधरा अक्षरं तो धरून ठेवतो, मग उमटवतो. त्यापुढची गेली! म्हणून पीं करतो… नाही गं, मोडला नाही. ‘थांब बाई’ म्हणतोय.

बरं, पीं झालं की तू काय करतेस?… एंटर? आणि ते का?… अगं माझे आई! ती ओळ संपल्याची टाइपरायटरची घंटी नव्हे! ओळ कुठं संपलीय? म्हणून तर पत्राचे तुकडे पडतायत… नाही, हसत नाही… बरं, हसतोय.

आता मार, मी फोन धरतो. कागदाकडे नको, पडद्याकडे बघ. ओळ तो आपला आपण मोडतो… वा, खडखडाट ऐकू येतोय… दिवा लागला? थांब! हात मांडीवर!… विझला? हाण!

…झालं? एकही अक्षर गळलं नाही? दाखव, दाखव नानांना… काय म्हणाले?… ‘सुमनबाईंची खुर्ची कुठं जात नाही’? मग! म्हटलं नव्हतं, बठ्ठं ठीक व्हई जाई? लई बरं वाटलं, अक्का.

हो, भाऊबीजेला येतो… आईचं औषध, हो… भरताची वांगी पाठवतेस?… कुणाबरोबर?… झुलालमामाचं काय?… लग्न? कुणाचं?… अगं, दम खा… पीं!… पीं म्हणतोय मी! माझी फळी भरली! वांग्यांपुढचं सगळं खाली पडलं… हस, हस. हां, विझला दिवा. बोल आता, कुणाचं लग्न?… हॅलो?… अक्का?… घ्या! लाइनच गेली.