मागची फळी

विशाल : …तर मामानू, ट्रक म्हणजे ट्रक आणि ही म्हणजे नवरी असा नवरी! पुढचो भाग बघा, सगळो उघडो. दोन बाकां, मऊ गादये. चार गिऱ्हायकां पुढे पाय पसरून बसतली, वारो खातली, फोटो काढतली. चोपड्याच्या धक्क्यार अशी दुसरी होडी नाय.

गोकुळदास : नवरी पसंत करताना गाद्या बघितल्यात काय, जावयबापू?

गौरवी : बाबा! काहीतरीच काय.

गोकुळदास : मग बघा म्हणतो काय तें. इंजिनावर हात ठेवा. कसं लागतंय?

विशाल : गरम.

गोकुळदास : आम्ही आत्ता आलो. म्हणजे विकणाऱ्या दत्तारामाने आधीच चालवून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या खेपेला उठतं काय नाही, तेंच बघायचं आसतं. रिसॉर्टवाला शाणो आसा.

विशाल : तो आता कागद आणूक गेलो हा. इलो की विचारतंय. पण इंजिन खराब असा काय?

गोकुळदास : न्हय. तेल बघितलं मी. काळं झालंय, पण दुधासारखं नाय. पाणी आत गेलं की तेल पांढरं पडतं. इंजिन बरं आसा.

विशाल : बघ गौरवी! बरा असा म्हणतत.

गोकुळदास : एक मात्र सांगतो. असली पुढून उघडी होडी नदीतच चालवायची. नदी दर्याला मिळते त्या मुखावर न्यायची नाय. भरतीला थंय लाट उठते, ती पुढूनच आत येते. उपसायला वेळ मिळत नाय मरे.

विशाल : आणि गिऱ्हायकां डॉल्फिन मागतली तर?

गोकुळदास : डॉल्फिनांना नदीत बोलवा.

गौरवी : बाबा, तुम्ही आल्यापासून तिथेच का उभे आहात? इंजिनाच्या मागे?

गोकुळदास : सावली आसा.

गौरवी : सावली तिकडे माडाखाली आहे. तुमच्या डोक्यावर तर चांगलं ऊन आहे, आणि टॉवेल होडीवर टाकलाय.

गोकुळदास : माका हंयच बरं वाटतं.

विशाल : गौरवी, आता तू फाटे फोडू नको गो. सोमवारी पुण्याच्या कंपनीक नोकरीचा उत्तर देऊचा असा. खाणी बंद झाल्यापासून माझो टिपर ट्रक दारात उभो, टायरांखाली गवत इला. होडी घेतली तर हयच ऱ्हवाचा, नाय तर पुण्याक जावचा. ह्या तूच ठरवलंस.

गौरवी : मीच ठरवलं. बाबांनी पास केली तर घ्यायची, असंही मीच म्हटलं. तीस वर्षं बार्जवर इंजिन सांभाळलंय त्यांनी. मला तुमच्या उत्साहापेक्षा त्यांच्या एका शब्दाचा भरवसा.

विशाल : मग झाला तर! मामानू, रविवारी नारळ फोडूया. पयली फेरी घरच्या माणसांची. पुढच्या बाकार गौरवी आणि आमची पोरगी प्राजू, मी चाकार, तुम्ही मागे इंजिनाकडे. हयसून निघालंव की फुल स्पीड, कोलवाळच्या पुलापर्यंत!

गोकुळदास : प्राजूला नको.

विशाल : अहो, तिच्यासाठीच तर. परवापासून शाळेत सांगत सुटली हा, आमची होडी, आमची होडी.

गोकुळदास : लाइफ जाकिटं मोठ्या माणसांची आसत. पोराच्या डोक्यावरून सटकन निघतात.

विशाल : तिच्या मापाचा नवीन घेतंय.

गोकुळदास : फुल स्पीड कशाला? हळू चालवा. महिनाभर हळूच चालवा.

विशाल : असली होडी हळू चालवची? मग वल्ह्याचा होडका काय वायट होता?

गोकुळदास : नको म्हटलं ना मी! एकदा सांगितलेलं कळत नाय?

गौरवी : बाबा.

गोकुळदास : काय गो?

गौरवी : मी लहानपणी आईबरोबर तुमचा डबा घेऊन सारमानसच्या धक्क्यावर यायचे. आठवतं? पाळी बदलायची तेव्हा तुम्ही येणाऱ्या माणसाला आधी इंजिनाची खोड सांगायचात. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खोड नसली तर ‘खोड नाय’ म्हणायचात. त्याशिवाय तुम्ही चावी देत नव्हतात आणि समोरचा घेत नव्हता.

गोकुळदास : ती बार्जवरची रीत.

गौरवी : आज यांना इंजिन बरं म्हणालात. होडीला खोड नाही, असं अजून म्हणाला नाहीत. म्हणा.

गोकुळदास : गौरवी…

विशाल : म्हणा हो मामानू. दोन शब्द तर असत. मगे हिचा तोंड बंद होतला.

गौरवी : म्हणा ना, बाबा.

(गोकुळदास टॉवेल उचलतात आणि बाजूला सरकतात.)

गोकुळदास : हंय या, विशाल. ही मागची फळी. हिच्यावरच सगळं इंजिन टांगलेलं आसतं. वरून फायबर, आत लाकूड. हा स्क्रूड्रायव्हर घ्या, मुठीकडून ठोका. आधी कडेला.

विशाल : टणटणीत वाजता.

गोकुळदास : आता मधे.

विशाल : हय… हय ओल्या गोणीर मारल्यासारख्या वाटता.

गोकुळदास : कोणीतरी भोक पाडून स्क्रू घातला आणि बुजवला नाय. पाणी मुरलं. आता इंजिन दोन्ही हातांनी धरून वर उचला. उचला, भिऊ नका.

विशाल : फळी हलता! मामानू, फळी हलता ही!

गोकुळदास : आतून कुजलीय. फुल स्पीड दिलात तर इंजिन फळीसकट सुटेल. मागून पाणी भरेल. आणि पुढे बसलेली…

गौरवी : तुम्हाला कधी कळलं?

गोकुळदास : आल्या आल्या.

विशाल : आणि तुम्ही बोलल्यात नाय? माझा चेडू बसतला होता पुढे!

गोकुळदास : रविवारचं मला ठाऊक नव्हतं मरे. मनात म्हटलं, एकदा घरात आली की फळी कापून नवी बसवीन. तोवर हळू चालवायला लावीन. नीट केली असती मी. देवाशपथ केली असती.

विशाल : पण कित्याक? नापास म्हणाचा, विषय संपलो!

गोकुळदास : विषय संपला की तुम्ही पुण्याला जाणार.

गौरवी : बाबा…

गोकुळदास : तुझी आई गेली तेव्हापासून कोरगावच्या त्या घरात आवाज कोणाचा आसा गो? प्राजूचा. सकाळी रिक्षावाल्याला हाका मारते, पावाच्या उंड्याचा मधला मऊ भाग मला देते आणि कड आपण खाते. ती गेली की मी काय करू? रेडिओ लावू? तीस वर्षांत कोणाला इंजिन खोटं सांगून दिलं नाय. आज जावयाला द्यायला निघालो होतो. लाज वाटते मला.

गौरवी : मला नुसतं म्हणायचं होतंत, जाऊ नको म्हणून.

गोकुळदास : तू थांबली असतीस. आणि हे रोज दारात त्या टिपरकडे बघत बसले असते. तेंही बघवत नाय. हे बघ, रडू नको गो बाय.

गौरवी : तुम्ही आधी डोळे पुसा.

विशाल : माका राग इलो हा, मामानू. आत्ताच सांगून ठेवतंय. सांजपर्यंत जावचो नाय.

गोकुळदास : येऊ दे. यायलाच पाहिजे.

विशाल : तो बघा, दत्ताराम इलो कागद घेवन. काय सांगू तेका?

गोकुळदास : तुम्ही नको, मी सांगतो. आणि फळी पण दाखवतो, उद्या दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायला नको. तुम्ही सोमवारी पुण्याला हो म्हणून कळवा. मनापासून सांगतो. माझ्याकडे बघू नका.

गौरवी : अहो, काहीतरी बोला ना त्यांच्याशी.

विशाल : काय बोलू? थय भाड्याची खोली बघूची असा. माका खोलयेतला काय कळता? छप्पर गळता काय, नळाक पाणी येता काय… मामानू, तुम्ही येवशात बघूक?

गोकुळदास : मी? आज हें असं केल्यावर?

विशाल : शेवटी खरा तुम्हीच सांगितल्यात ना. तसाच थय सांगा.

गोकुळदास : येईन. चार दिवस येईन.

विशाल : मग चार दिवसांचेच कपडे भरा हां, मामानू. उरलेले मी मागाहून आणतंय.