उंटवाल्याला कळलं

कादंबरी : पोह्यांत वाळू, चहात वाळू, आता माझ्या उशीतसुद्धा वाळू. मेली हौस तरी कसली ही!

देवदत्त : हळू बोल. शेजारच्या तंबूत आई आहे.

कादंबरी : झोपल्यात त्या.

आई : जागी आहे गं. आणि चहात वाळू नाहीये, साखर आहे. तू ढवळला नाहीस.

देवदत्त : आई, झोप लागली ना नीट?

आई : लागली की. ते उंट तेवढे पहाटेपासून गुळण्या केल्यासारखे ओरडताहेत. आणि तुम्ही कशाला कुजबुजता? जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. लोकांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचा पगार घ्यायचे मी. बोला बिनधास्त. मी नळावर तोंड धुऊन येते.

कादंबरी : गेल्या?

देवदत्त : गेली.

कादंबरी : मग आज बोलणार आहेस ना त्यांच्याशी? गुरुवारी त्यांचं विमान आहे.

देवदत्त : बोलायचं काय त्यात? बोललोय एकदा. तिचा व्हिसा संपतोय, तिची कोथरूडची बिल्डिंग पाडायला घेतलीये. माझा मित्र रणजित विमानतळावरून तिला परस्पर तळेगावच्या संकुलात नेईल. बाग आहे, डॉक्टर आहेत, तिच्या वयाची माणसं आहेत. तिने हो म्हटलंय.

कादंबरी : हो म्हणाल्या? या शब्दात?

देवदत्त : भांडी विसळत होती. मी विचारलं, तिकडे राहशील ना? जपानीत म्हणाली, दाइजोबु.

कादंबरी : म्हणजे चालेल.

देवदत्त : म्हणजे... चालेल. ठीक आहे. काळजी नको.

कादंबरी : मग त्या दिवसापासून तू जेवताना त्यांच्याकडे बघत का नाहीस?

देवदत्त : काहीतरीच.

कादंबरी : आणि हे उंट? ओसाकाहून एवढी गाडी हाणत आणलंस आम्हाला. आई कधी म्हणाल्या, मला उंटांची शर्यत बघायचीय म्हणून?

देवदत्त : टीव्हीवर बघून हसली होती.

कादंबरी : त्या हवामानाच्या बातम्या बघूनही हसतात. मला तर ही लाच वाटते, देवदत्त. जायच्या आधी मुलांना खाऊ देतात ना, तसली. विचार त्यांना परत एकदा, आणि उत्तर मराठीत घे. एवढंच सांगते.

(दुपार. शर्यतीच्या दोरीपाशी, वाळूवर चटई टाकून.)

आई : हे टोपीवाले गोरे कोण रे?

देवदत्त : ऑस्ट्रेलियाचे जॉकी. तिकडे वाळवंटात उंटांच्या शर्यती असतात म्हणे. त्यांच्या गावाचं आणि या गावाचं बहिणीचं नातं जोडलंय.

आई : आणि आहेरात उंट दिले? बरंय.

कादंबरी : सुटले, सुटले! अय्या, तो तीन नंबरचा उलटा पळतोय!

आई : समुद्राकडे निघाला. मला तो पाच नंबरचा आवडला. बसलाय तो बसलाच आहे.

कादंबरी : सगळे ओरडताहेत त्याला, 'गाम्बारे, गाम्बारे' म्हणून.

आई : म्हणजे?

देवदत्त : नेट लाव, जोर कर.

आई : त्याला जायचंच नाही तर जोर कसला करायचा? किती छान तोंड करून बसलाय बघ. नाही म्हणायला शिकावं तर याच्याकडून.

कादंबरी : आई, तो बघा, फेरी मारणारा उंटवाला आलाच. तुम्हाला विचारतोय बहुतेक. बसणार का उंटावर?

आई : दाइजोबु, दाइजोबु.

कादंबरी : चला, उठा. चपला राहू देत, मी धरते. अहो... अरे, हा उंट घेऊन चालला कुठे? त्या जाड्या आजोबांना बसवतोय! देवदत्त, सांग ना त्याला, आई हो म्हणाल्यात!

आई : हो कुठे म्हटलं मी? नको म्हटलं.

कादंबरी : दाइजोबु म्हणालात.

आई : तेच की. नको. आपल्या कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या रात्रंदिवस उघड्या दुकानात, दूध आणायला जाते ना, ती पोरगी पिशवी दाखवून काहीतरी विचारते. मी दाइजोबु म्हणते, ती पिशवी परत ठेवते. चमचा दाखवते. दाइजोबु. चमचा परत. मी म्हटलं, वा, काय गोड 'नको' आहे यांचं.

कादंबरी : आई! मी रोज विचारायचे, मिसो सूप आणखी वाढू?

आई : आणि मी रोज दाइजोबु म्हणायचे, आणि तू रोज वाढायचीस. मला वाटलं, आग्रहाची पद्धत असेल इथे. प्यायले बिचारी.

कादंबरी : अहो, मग मराठीत सांगायचं ना! माझं जपानी बसच्या पाट्यांपुरतं. मला काय कळणार?

आई : मराठीत नको म्हटलं की तुमचे चेहरे उतरतात. स्वेटर नको म्हटलं, तर हा दोन दिवस गप्प होता. जपानीत म्हटलं की हसता. मला हसलेलं बरं वाटायचं.

कादंबरी : मग भांडी विसळताना...

आई : तो पाच नंबरचा उठला का गं?

कादंबरी : भांडी विसळताना देवदत्तने तुम्हाला विचारलं. तळेगावचं. तेव्हाही तुम्ही...

आई : बसलाच आहे अजून. शाबास.

देवदत्त : चहा आणू का कुणाला?

कादंबरी : देवदत्त, खाली बस.

आई : जाऊ दे गं. त्याची काय चूक? त्याने विचारलं, मी उत्तर दिलं, मधे लायनीत घोटाळा झाला. असं व्हायचं आमच्याकडे. त्याच्या ऑफिसात त्या शब्दाचा अर्थ वेगळा असेल.

कादंबरी : असेल का रे?

देवदत्त : दोन्ही अर्थ आहेत. चालेल, आणि नको.

आई : बघ. मग त्याला बिचाऱ्याला कसं कळणार?

देवदत्त : त्या उंटवाल्याला कळलं, आई.

आई : तो इथलाच आहे.

देवदत्त : मीही चौदा वर्षं इथे आहे. यांचं हो कुठलं आणि नाही कुठलं, हे दुसऱ्यांना समजावून देऊन पोट भरतो मी.

आई : देवा, चहा आण जा.

देवदत्त : तो वृद्धाश्रम आहे, आई. आणि तू नको म्हणालीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.