अर्धं मीठ

(शनिवारची दुपार. स्वयंपाकघर. शेगडीवर एक भलंमोठं पातेलं, ओट्यावर दुसरं.)

सासूबाई: तुम्ही काहीही म्हणा, हे खारट आहे. माझे दात गेले असतील, जीभ शाबूत आहे.

सून: आई, तुमचा मुलगा आत्ताच चाखून गेला. बरोबर आहे म्हणाला.

सासूबाई: तो म्हणाला. तू चाखलंस?

सून: मी कशाला चाखू? आमचं ठरलेलं आहे. अर्धं मीठ मी घालते, मग तो चाखतो आणि उरलेलं तो घालतो. लग्नाआधीपासून असंच चाललंय.

सासूबाई: मग आज एक चमचा तोंडात घाल. माझ्या समाधानासाठी.

सून: द्या इकडे... अगं बाई.

सासूबाई: आता पाड मला खोटं.

सून: पण असं कसं झालं? थांबा हं. मी मिठाचा डबा हातात घेतला आणि तेवढ्यात महाराजांचा फोन आला.

सासूबाई: कोण महाराज?

सून: आमच्या मंडळाचे. सहाशे वर्षांपूर्वीचा दरबार आणि मेजवानी भरवतो ना आम्ही मैदानात, तिथले राजे. दातांचे डॉक्टर नाहीत का, तुमची कवळी करून दिली ते. यंदा मुकुट घट्ट होतोय म्हणे. त्यांना म्हटलं, कापूस काढा आतला. त्या बोलण्याच्या नादात मी अख्खं मीठ घातलं. माझ्या वाटणीचं आणि ह्याच्याही.

सासूबाई: आणि वर ह्याने येऊन परत घातलं.

सून: हो. चाखून घातलं. हेच कळत नाहीये मला. अरे, ऐकतोस का? इकडे ये जरा.

मुलगा: आलो, आलो. चिलखताला तेल लावत होतो, हात बरबटलेत.

सासूबाई: कुठेही लावू नकोस ते हात. तुझ्या त्या लोखंडी कड्या परवा माझ्या उशीखाली सापडल्या. माणूस दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी येऊन टीव्हीसमोर कड्या विणत बसतो. विणायचंच होतं तर स्वेटर विणायचास.

मुलगा: स्वेटरने तलवार अडत नाही, आई.

सासूबाई: तुझ्या अंगावर तलवार घेऊन येतंय कोण? तो तुमच्या मंडळातला, बँकेतला कॅशिअर? त्याला जिना चढताना धाप लागते.

सून: आई, एक मिनिट. अरे, ह्या डाळमटणाचं मीठ कसं आहे?

मुलगा: सांगितलं ना, छान आहे. मीच घातलं मघाशी.

सून: अजून एकदा बघ. पुढच्या रविवारी दीडशे माणसं जेवणार आहेत, माप आत्ताच ठरायला हवं. भरून घे चमचा.

मुलगा: घेतो की. हं. मस्त जमलंय. डाळ अगदी लोण्यासारखी झालीय. मीठही बरोबर, कणभर कमी नाही की जास्त नाही.

सासूबाई: पाणी द्या रे कुणीतरी ह्याला.

मुलगा: पाणी कशाला? तुम्ही दोघी अशा काय बघताय माझ्याकडे?

सून: ह्यात दीडपट मीठ पडलंय. माझ्या हातून. आई एक चमचा घेऊन मोरीपर्यंत गेल्या. आणि तू तोंड वाकडंसुद्धा केलं नाहीस.

मुलगा: अच्छा.

सून: अच्छा काय? तुला चव लागत नाहीये का?

मुलगा: अगं, तेलाच्या वासाने डोकं जरा...

सून: तेलाचा वास येतोय तुला?

मुलगा: नाही.

सून: कधीपासून?

मुलगा: तो ताप आला होता ना मोठा, तेव्हापासून. वास साफ गेला. चव म्हणशील तर तोंडात काहीतरी आहे एवढं कळतं. काय आहे ते कळत नाही.

सून: त्याला किती महिने झाले, ठाऊक आहे? रोज रात्री मी चमचा घेऊन तुझ्यासमोर उभी राहते. तू डोळे मिटतोस, मान हलवतोस, वर "आज आलं जरा पुढे गेलंय" म्हणतोस. ते सगळं नाटक?

मुलगा: आलं तू किसताना बघितलं होतं मी. अंदाजाने म्हणालो.

सासूबाई: मला शंका आलीच होती. परवा दूध नासलं होतं, हा उभ्या उभ्या पेला रिकामा करून कामावर गेला. मला वाटलं, चला, वय झालं, खाण्यापिण्यातली कटकट सुटली एकदाची.

सून: आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?

सासूबाई: मुलगा तोंड वाकडं न करता जेवायला लागला, ही काय तक्रार करायची गोष्ट आहे? लहानपणी ह्याने मला कमी छळलंय का? भाजीत हळद कच्ची आहे म्हणून ताट सरकवणारं पोर होतं ते.

सून: पण गॅसचं काय? घरात गॅस गळला असता आणि तू एकटा असतास तर? वास येत नाही तर कळणार कसं तुला? ह्याचा विचार केलास?

मुलगा: केला. ते वर भिंतीवर पांढरं डबडं बसवलंय ना, ते गॅस गळला की वाजतं.

सून: ते धुराचं आहे म्हणालास तू.

मुलगा: तेव्हा तेवढंच म्हणालो.

सून: वा. डॉक्टरकडे तरी गेला होतास की तिथेही अंदाजानेच?

मुलगा: गेलो होतो. ते म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. रोज सकाळी चार वास घ्यायचे. लवंग, लिंबू, कॉफी, निलगिरीचं तेल. वास येत नसला तरी घ्यायचे आणि डोक्यात आठवायचे. नाकाची तालीम म्हणे.

सासूबाई: म्हणून तू सकाळी फडताळात तोंड घालून बसतोस होय? मी समजले लवंगा चोरतोय.

सून: आई, हसू नका. मला खरंच राग आलाय. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त थेंबाथेंबाने मोजते. तिथे माझी चूक होत नाही, कारण यंत्र आहे. आणि आपल्या मंडळाच्या स्वयंपाकात वजनकाटा नाही, मापाचे चमचे नाहीत, घड्याळ नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या पाककृती, त्यात माप म्हणून काय लिहिलंय? "बेताने घालावे." तो बेत म्हणजे तुझी जीभ होती. तिच्या भरवशावर मी दीडशे माणसांना वाढते. आणि तू मला सांगितलं नाहीस.

मुलगा: सांगणार होतो. पहिल्या आठवड्यातच.

सून: मग?

मुलगा: तू चमचा घेऊन आलीस.

सून: म्हणजे?

मुलगा: म्हणजे काय सांगू आता. तू लॅबमधून येतेस, मी येतो, आईच्या गोळ्या, कपडे, उद्याचे डबे. दोघंही धावत असतो. त्यात तू एकदाच थांबतेस. चमच्यावर फुंकर घालतेस, खाली हात धरतेस, आणि मी काय म्हणतो याची वाट बघतेस. मला तेवढं हवं होतं. चव गेली म्हटलं असतं तर तू चमचा दुसऱ्या कुणाकडे नेला असतास. घाबरलो मी. आता हसायचं तर हसा.

सासूबाई: कोणी हसत नाहीये. बस खाली. हात पूस आधी.

सून: वेडा आहेस तू.

मुलगा: आणि मेजवानीचंही होतंच डोक्यात. महाराजांच्या उजव्या हाताला बसून सगळ्यांआधी घास घेणारा मी. विष नाही ना, म्हणून. चव न कळणारा माणूस तिथे कशाला बसवतील? भाला देऊन दाराशी उभं करतील मला, त्या कॅशिअरच्या शेजारी. तो रात्रभर व्याजदर सांगतो.

सून: तुला वाटतं, महाराज तुझ्या जिभेसाठी तुला शेजारी बसवतात?

मुलगा: मग कशासाठी?

सून: अरे, विषाला चव असली असती तर राजाने स्वतःच चाटून बघितलं नसतं का? चाखणाऱ्याने चव सांगायचीच नसते. पहिला घास घ्यायचा आणि जिवंत राहायचं. बायकोवर भरवसा असला की झालं.

सासूबाई: तेवढं ह्याला जमतं. नासकं दूध पचवलंय.

सून: तिथलं तुझं ताट मी कुणाला देणार नाही. पण इथे स्वयंपाकघरात मला खरी जीभ लागणार. आई.

सासूबाई: माझ्याकडे बघू नकोस.

सून: एका चमच्यात ओळखलंत तुम्ही.

सासूबाई: मी त्या मैदानात येणार नाही. टोमॅटो नाही, बटाटा नाही, मिरची नाही. ते लोक जगत कशाला होते तेच मला कळत नाही.

मुलगा: आई, मिरे होते की. आलं होतं, मोहरी होती.

सासूबाई: झगा घालावा लागेल?

सून: मी शिवून देते. सुती, ढगळ.

सासूबाई: आणि माझा चष्मा?

सून: पडद्याआडून चाखा. स्वयंपाकाच्या तंबूत पाहुणे येत नाहीत. तिथे चष्म्याला कुणी हरकत घेणार नाही.

सासूबाई: मला खुर्ची लागेल. पाठ टेकायची. तुमच्या त्या लाकडी ओंडक्यावर मी बसणार नाही.

मुलगा: आई, आपल्या त्या काळात पाठीची खुर्ची फक्त राजाला असायची.

सासूबाई: मग राजाला उठवा. माझी कवळी अजून डावीकडे टोचते, मला त्याच्याशी बोलायचंच आहे.

सून: मिळेल खुर्ची. येणार ना मग?

सासूबाई: बघते. आधी ह्या पातेल्याचं काय करायचं ते बोला. एवढं मटण टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

सून: टाकायचं नाही. ह्याच्या निम्मं अळणी शिजवते आणि त्यात मिसळते. उद्यापर्यंत सगळी गल्ली जेवेल.

सासूबाई: गल्लीला काय सांगशील?

सून: सांगेन की सहाशे वर्षांपूर्वीचं आहे. लोक मग काही बोलत नाहीत.

सासूबाई: आणि हे ओट्यावरचं दुसरं कसलं?

सून: जवाची पेज. कांदा आणि मिरे घातलेली. पहिल्या वाढीला देणार आहोत. ही तरी आज नीट उतरायला हवी. तुम्ही चमचा घेऊन तयार राहा.

मुलगा: बरं, तुमचं चालू द्या. मी जातो, चिलखत आत आणतो.

सून: कुठे चाललास?

मुलगा: आता इथे माझं काय काम? जीभ मिळाली तुला.

सून: एक सांग. इतके महिने चव कळत नव्हती, तर मीठ किती घालायचं हे कसं ठरवत होतास?

मुलगा: ठरवत नव्हतो. पातेलं बघायचं आणि मूठ भरायची. हाताला सवय आहे.

सून: एकदा तरी चुकलं?

मुलगा: मला कसं कळणार?

सून: आई, चुकलं का हो कधी?

सासूबाई: माझ्या देखत तरी नाही. चुकलं असतं तर मी गप्प बसले असते का?

सून: ऐकलंस? आता तो डबा घे.

मुलगा: कुठला?

सून: मिठाचा. ह्या पेजेत माझं अर्धं घालून झालंय.