पायाची वाटणी

नाही, बसा असं म्हटलेलं नाही मी, पण बसलाच आहात तर बसा. भाऊजींनी पाठवलंय ना? माहितीये. माझे सख्खे दीर त्या काचेच्या पलीकडे बसतात, इथून डोकं दिसतं त्यांचं, आणि काम निघालं की माणूस पाठवतात. काय म्हणाले? ‘लॅबचं काम मी आता वेगळं चालवणार, वहिनींकडून लॅबचा कोड वेगळा करून आण.’ वेगळा करून! भाजी निवडायचीय जशी काही.

अहो, तीन प्रॉडक्ट आहेत आमची — दवाखान्याचं, औषधदुकानाचं, लॅबचं — तिन्हींचे तीन रेपो, म्हणजे कोड ठेवायची कोठारं, आणि तिन्हींच्या खाली चौथा, ‘पाया’. पेशंटचं नाव, जन्मतारीख, लॉगिन, सगळं तिथे, एकदाच लिहिलेलं. पूर्वी काय होतं माहितीये? कसं असणार, तुम्ही नंतरचे. तिन्हींकडे तीन नकला होत्या. जन्मतारखेची चूक दवाखान्यात सुधारली की लॅबमध्ये तशीच — एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट तान्ह्या बाळाच्या मापाने छापून गेला, सगळे आकडे लाल, बाई तिथेच रडायला लागल्या. मग मी बसले. तिन्हींतलं सारखं होतं ते उचललं, एका जागी आणलं. ‘पाया’ नाव मीच ठेवलं. भाऊजी सकाळी आल्या आल्या म्हणायचे, ‘वहिनी, आधी पाया पडतो, मग कामाला लागतो.’ हसायचो आम्ही. मी, नवरा, भाऊजी, तिघंही.

आता तुम्ही म्हणणार, पायाची एक कॉपी लॅबला द्या, एक इकडे ठेवा, कुणाचं काही अडत नाही. तोंडावर दिसतंय तुमच्या. कॉपी करायला काय लागतं हो — पण मग? तुम्ही तुमच्यात एक बदल करणार, आम्ही आमच्यात एक, वर्षभरात त्या दोन कॉप्या एकमेकींना ओळख देणार नाहीत. हे तुम्हाला कळतं. कळतं, आणि तरी आलात!

भांडण? कुणी सांगितलं तुम्हाला? बरं, ऐका मग, अर्धवट नका ऐकत फिरू. पायातल्या एका बदलाने लॅबचं लॉगिन सकाळभर बंद पडलं. आमच्या एका गिऱ्हाईक लॅबचे मालक याच खोलीत येऊन ओरडले. आणि माझा नवरा — मोठा भाऊ हो — त्यांच्यासमोर म्हणाला, ‘तो बदल धाकट्याने केलाय, मी बघितलेला नाही.’ बघितला होता. माझ्या डोळ्यांदेखत बघितला होता. भाऊजींनी लॅपटॉप मिटला. बॅग उचलली, गेले, आणि दुसऱ्या दिवशी ही काच बसवायला सुतार हजर.

तेव्हा मी नियम घातला. पायात काहीही बदलायचं तर दोन्ही भावांनी वाचायचं, खाली शेरा लिहायचा, मंजुरी द्यायची — एकाची जरी राहिली तरी बदल आत जाणार नाही. तुम्हाला वाटतं, ही शिस्त. आहेच शिस्त! पण त्यांच्यात दुसरं राहिलंय काय? फोन नाही, जेवण नाही, सासूबाईंना भेटायला एक सकाळी जातो, एक संध्याकाळी. फक्त तिथे — एक लिहितो, ‘नाव नीट नाही.’ दुसरा लिहितो, ‘बदललं.’ बस. मग मी — हसू नका — मी मुद्दाम बदल काढते. एखादं नाव बदल, एखादी ओळ वर घे. गरज काही नसते. बोलावं लागतं त्यांना, म्हणून.

आणि बोलतात! मागे भाऊजींनी लिहिलं, ‘दादा म्हणतो ते बरोबर आहे. ठीक आहे, वहिनी.’ दादा! इतक्या दिवसांनी! नवऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, आणि घरी जाताना गाडीत गुणगुणत होता. म्हणून म्हणते, थोडं थांबा, आत्ता कुठे —

काय झालं? खाली काय बघताय? … लॉगिन? भाऊजींचं लॉगिन तुमच्याकडे आहे? कधीपासून? नाही, नीट सांगा — म्हणजे ते उघडतच नाहीत? ‘मला त्यात पडायचं नाही, तूच दे मंजुरी’ — असं म्हणाले? बरं. आणि ते ‘दादा’? … तुम्ही. जुने शेरे वाचून, तसंच लिहायचं म्हणून. आम्हाला बरं वाटावं म्हणून! कोण हो तुम्ही, आम्हाला बरं वाटायला लावणारे?

नको. माफी नको, पाणी नको. न्या तुमची कॉपी, आजच न्या. मोठ्याची मंजुरी मी आणते, धाकट्याची तुमच्या खिशातच आहे. फक्त शेऱ्यात एक अक्षर लिहायचं नाही. मोकळी सोडायची ती जागा. कळलं? उठा आता — उठा, नवरा येतोय.