लग्नातली माझी डोकेदुखी

लग्नात डोकं धरून बसलेला नवरदेव कुणी बघितलाय? तो मी होतो. उंब्रजहून वऱ्हाड सांगलीला विश्रामबागेतल्या कार्यालयात पोचेपर्यंत माझं डोकं लय ठणकायला लागलं होतं.

आत्या म्हणाली, "पित्त हाय, आलं चघळ." मित्र म्हणाला, "गड्या, एकाच बाजूला दुखत असंल तर मायग्रेन." दाजी म्हणाले, "झोप झाली न्हाई, दुसरं काय!" आलं चघळलं, गोळी घेतली, डोळे मिटून बसलो. काही फरक पडेना.

तेवढ्यात सासरे आले. माझं वाकडं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला. "पावणं, पोरगी मनात न्हाई काय? अक्षता पडायच्या आत सांगा."

मी घाबरून "न्हाई, न्हाई!" म्हणालो आणि घोटाळा आणखीनच वाढला.

शेवटी नवरीच उठून आली. "कुठं दुखतंय?"

"चारी बाजूंनी, गोल."

"कधीपासून?"

"फेटा बांधल्यापासनं," म्हणालो आणि माझी मलाच लाज वाटली.

तिनं फेट्याखाली बोट घालून बघितलं, ते शिरेचना. फेटा बांधणारे आमचे फौजी मामा तापले, "माजा फेटा सैल व्हायचा न्हाई!"

"मग लग्नही फेट्याशीच लावा, मामा," नवरी म्हणाली.

मामांनी गुमान फेटा सैल केला. थोड्या वेळात माझं डोकं दुखायचं थांबलं, सासरेही हसले. मामा मात्र जागचे हलेनात. इकडंतिकडं बघून ते हळूच तिच्यापुढं वाकले, "पोरी, माजा फेटा बी जरा बघ की. सकाळधरनं डोळ्याम्होरं अंधारी येतीया."